फ्लायव्हीलचं वजन उतरवताना

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी लोकांसमोर आणली. अमेरिकेत तिचं नाव मियाटा पडलं, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. क्लच आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकावरचं जड चाक) बदलण्याचं शास्त्र समजून घ्यायला याहून चांगली गाडी शोधूनही सापडणार नाही. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अवघा १३६ न्यूटन-मीटर असल्यामुळे फ्लायव्हीलमधून काढलेला प्रत्येक किलो चालवणाऱ्याला जाणवतो. शिवाय फ्लायव्हील एकसंध, म्हणजे एकाच तुकड्याचं, असल्यामुळे हिशेबात गुंतागुंत येत नाही.

चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. या गाडीचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाची गती, मिनिटाला ८५० फेऱ्यांचं आहे, म्हणजे सेकंदाला साधारण २८ धक्के. दोन धक्क्यांच्या मध्ये पिस्टनला वायू दाबायचा असतो, आणि ती ऊर्जा कुठून तरी यावी लागते. ती फ्लायव्हील देतं. जातं एकदा फिरायला लागलं की हाताचा जोर थोडा कमीजास्त झाला तरी त्याची गती मोडत नाही, तसंच हे. फ्लायव्हीलची आणखी तीन कामं आहेत. त्याच्या कडेवर स्टार्टरचं दातेरी कडं बसतं, मागच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट घासते, आणि त्या घासण्यातून निघणारी उष्णता ते पोटात घेतं. वजन उतरवलं की या चारांपैकी निदान दोन कामांवर परिणाम होतो, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

फ्लायव्हील किती किलोचं आहे यापेक्षा ते वजन आसापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व. जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याची गती बदलायला होणारा विरोध (पुढे नुसतं जडत्व), अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतं. कडेला, १३ सेंटिमीटरवर असलेला एक किलो धातू आसापासून ४ सेंटिमीटरवर असलेल्या एका किलोपेक्षा दहापटींहून जास्त जड पडतो. म्हणून दोन फ्लायव्हीलांची तुलना तराजूवर करू नये. एखादं साडेचार किलोचं फ्लायव्हील कडेला जाड आणि मध्ये पोखरलेलं असेल, तर पाच किलोच्या नीट आखलेल्या फ्लायव्हीलपेक्षा ते सुस्त निघू शकतं. चांगले उत्पादक जडत्वाचा आकडा देतात. देत नसतील तर विचारावा.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. १.६ इंजिनाचं मूळचं फ्लायव्हील साधारण ८ किलोचं. त्याचं जडत्व ०.०८ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरू. ॲल्युमिनियमचं हलकं फ्लायव्हील ४ किलोच्या आसपास असतं, त्याचं ०.०३५ धरू. बचत ०.०४५. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअर आहेत. इंजिनाकडचं जडत्व गाडीला वाढीव वजनासारखं जाणवतं, आणि ते वजन एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गाने वाढतं. या गाडीचा पहिला गिअर ३.१३६, मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३. गुणाकार साडेतेराच्या जवळ जातो आणि त्याचा वर्ग १८२. टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरून हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये गाडीचं वजन तब्बल १०४ किलोंनी कमी केल्यासारखं होतं. दुसऱ्यात (१.८८८) ती बचत ३८ किलोंवर येते, तिसऱ्यात (१.३३०) १९, चौथ्यात जेमतेम ११ आणि पाचव्यात ७.

या आकड्यांतच हलक्या फ्लायव्हीलचं सगळं मर्म आहे. चालकासह १,०५० किलोच्या गाडीत, चाकं आणि इंजिन यांचं फिरतं जडत्व मिळवून पाहिलं, तर पहिल्या गिअरमध्ये प्रवेग साडेसात-आठ टक्क्यांनी सुधारतो, दुसऱ्यात तीन टक्क्यांनी, तिसऱ्यात दीडेक टक्क्यांनी, आणि चौथ्याच्या पुढे एका टक्क्याच्याही आत. कमाल वेगात काहीच फरक पडत नाही, कारण कमाल वेगाला प्रवेग शून्य असतो आणि जडत्वाचा प्रश्नच उरत नाही. डोंगरातला वळणांचा रस्ता किंवा छोटा, गिचमिड ट्रॅक असेल तर फायदा खरा. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायचा असेल तर हा खर्च वाया गेला.

इथे एका फसव्या आकड्याबद्दल सांगायला हवं. फ्लायव्हील बदलल्यावर डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, गाडी चढवली की कधीकधी पाचसहा अश्वशक्ती वाढलेली दिसते. बरेच डायनो रोलर किती वेगाने गती घेतो यावरून शक्ती काढतात. फ्लायव्हील हलकं झालं की त्याला फिरवण्यात कमी टॉर्क खर्च होतो, उरलेला चाकांपर्यंत पोचतो, आणि यंत्र त्याला शक्ती समजतं. इंजिनाने एका थेंबानेही जास्त पेट्रोल जाळलेलं नसतं. खालच्या गिअरमध्ये मोजलं तर ‘वाढ’ जास्त दिसेल, वरच्या गिअरमध्ये कमी. स्थिर फेऱ्यांवर ब्रेक लावून मोजणाऱ्या डायनोवर ती दिसणारच नाही.

प्रवेगापेक्षाही मोठा बदल गिअर टाकताना जाणवतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ६,५०० फेरे ४,६००च्या जवळ उतरायला हवेत. क्रँक आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारी चकती) धरून सगळ्या फिरत्या संचाचं जडत्व ०.१२ मानलं आणि इंजिनाचं अंतर्गत घर्षण २० न्यूटन-मीटर, तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर एवढे फेरे उतरायला १.२ सेकंद लागतात. हलक्या फ्लायव्हीलने पाऊण सेकंद. हात चपळ असेल तर गिअर लोण्यासारखा पडतो. आरामात गिअर टाकायची सवय असेल, तर क्लच सोडेपर्यंत फेरे गरजेपेक्षा खाली गेलेले असतात आणि गाडी झटका देते. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन फेरे वर आणायचे असतात. तिथे मात्र हलकं फ्लायव्हील निखळ आनंद देतं, कारण इंजिन पायाखाली ताबडतोब जागं होतं.

आता किंमत. मूळ फ्लायव्हील ३,००० फेऱ्यांवर असताना त्यात जवळपास ३,९५० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, हलक्यात १,७३०. फरक २,२०० ज्यूलचा. ही संपूर्ण गाडी शून्यापासून ताशी सातेक किलोमीटरपर्यंत न्यायला लागते तितकी ही ऊर्जा. सिग्नलवरून निघताना गाडी जागची हलते ती याच साठ्यावर. साठा निम्म्याहून कमी झाला की तीच कसर जास्त रेस देऊन किंवा हाफ क्लचवर जास्त वेळ घासून भरून काढावी लागते. चढावर थांबून निघताना हे फार स्पष्ट कळतं. नवख्या चालकाकडून गाडी दोनचारदा बंद पडते, आणि सरावलेला चालकसुद्धा क्लच थोडा जास्त झिजवतो.

आयडलिंगही बिघडतं. सगळ्या संचाचं जडत्व ०.१२ वरून ०.०७५ झालं तर दर स्फोटागणिक फेऱ्यांतला चढउतार सुमारे १.६ पट होतो. एसी चालू केला, पंखा सुरू झाला, स्टिअरिंग पूर्ण वळवून पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर भार आला, की फेरे खोल जातात आणि कधी इंजिन बंद पडतं. दोष बहुधा फ्लायव्हीलचा नसतो. आधीपासून किंचित बिघडलेलं आयडलिंग जड फ्लायव्हीलने झाकून ठेवलेलं असतं. म्हणून काम काढण्यापूर्वी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करावेत, नळ्यांमधून हवा गळत नाही ना ते पाहावं, आणि इग्निशन टायमिंग तपासावं. १.६ इंजिनात डायग्नोसिस बॉक्समधले टीईएन आणि जीएनडी हे दोन खाचे तारेने जोडून आयडलिंगला ठिणगीचं टायमिंग पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या आधी १० अंशांवर आहे का ते बघायचं असतं. ही कामं आधी उरकली तर नंतरची बरीचशी तक्रार उरत नाही.

हलकं फ्लायव्हील मिळतं दोन धातूंत. क्रोमोलीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या अखंड गट्ट्यातून कोरलेलं फ्लायव्हील ॲल्युमिनियमपेक्षा थोडं जड असतं, पण घासायचं तोंड आणि अंग एकाच धातूचं असल्यामुळे ते निर्धास्त. ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलला पोलादी चकती स्क्रू किंवा रिव्हेटने बसवलेली असते, कारण नुसत्या ॲल्युमिनियमवर क्लच प्लेट टिकत नाही. गंमत अशी की ८ किलो ओतीव लोखंड आणि ४ किलो ॲल्युमिनियम यांची उष्णता सामावून घेण्याची क्षमता जवळपास सारखीच भरते, कारण किलोमागे ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट उष्णता घेतं. अडचण वेगळीच आहे. उष्णता आधी त्या पातळ चकतीत येते आणि चकतीकडून अंगाकडे जायला वेळ लागतो. त्यात तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ट्रॅफिकमध्ये सतत हाफ क्लचवर चालणाऱ्या गाडीत चकती वाकडी होते, तिच्यावर निळे डाग पडतात, आणि क्लच थरथरू लागतो. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी क्रोमोली, आणि ट्रॅकसाठी चकती बदलता येणारं ॲल्युमिनियम, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग लोक सुचवतात तो मूळचं ओतीव फ्लायव्हील लेथवर चढवून कडेचा माल काढण्याचा. स्वस्त आहे, आणि धोकादायकही. ७,००० फेऱ्यांना या फ्लायव्हीलची कड सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वेगाला कडेच्या धातूत सत्तरेक मेगापास्कल ताण येतो. करड्या ओतीव लोखंडाची ताकद २०० ते २५० मेगापास्कल असते, त्यामुळे कागदावर हिशेब सुरक्षित दिसतो. पण भोकाच्या कडेला ताण दुप्पट-तिप्पट होतो, घासून तापलेल्या तोंडावर केसासारख्या बारीक भेगा असतात, आणि ओतीव लोखंड वाकत नाही, एकदम तुटतं. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं गिअर बॉक्सचं आवरण, फोडून थेट चालकाच्या पायांकडे येतात. ड्रॅग रेसिंगमध्ये हे घडलेलं आहे. म्हणूनच अमेरिकेत एसएफआय १.१ हे सुरक्षा प्रमाणन आलं, आणि बऱ्याच स्पर्धांत पोलादी संरक्षक कवच सक्तीचं असतं. फ्लायव्हील विकत घेताना त्यावर ते प्रमाणन कोरलेलं आहे का, हे आधी पाहावं.

हे झालं फ्लायव्हीलचं. क्लचचा विचार वेगळा करायचा, कारण क्लच बदलून गाडी जलद होत नाही. तो फक्त इंजिनाचा टॉर्क न घसरता पुढे पोचवतो. त्याची ताकद चार गोष्टींच्या गुणाकारातून येते: घासणारे पृष्ठभाग दोन, घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, आणि लायनिंगची, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची, सरासरी त्रिज्या. १.६ च्या क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर. आतला १३० धरला तर सरासरी त्रिज्या ८२.५ मिलिमीटर. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा गुणांक ०.३ आणि दाब ४,००० न्यूटन मानला की उत्तर येतं १९८ न्यूटन-मीटर. इंजिन देतं १३६. दीडपटीच्या आसपासचा हा राखीव जोर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तापल्यावर गुणांक उतरतो आणि लायनिंग झिजल्यावर दाब बदलतो.

इंजिन मूळचंच असेल आणि क्लच घसरत असेल, तर झिजलेली प्लेट किंवा तेल लागलेलं लायनिंग हेच कारण. तिथे ‘स्टेज टू’ किंवा ‘स्टेज थ्री’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या बळकट क्लचची गरज नाही. या स्टेजांना कोणतंही सर्वमान्य माप नाही. एका उत्पादकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज वनइतका असू शकतो. बघायचा तो न्यूटन-मीटरचा आकडा.

टर्बो बसवून टॉर्क २४० वर नेला असेल तेव्हा क्लचची ताकद ३०० ते ३६० हवी. इथे मियाटावाल्यांची एक जुनी, शहाणी युक्ती आहे. १९९३ मध्ये आलेल्या १.८ इंजिनाचा क्लच २१५ मिलिमीटरचा, आणि त्याचं फ्लायव्हील १.६ च्या क्रँकवर जसंच्या तसं बसतं. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट तिन्ही १.८ची घ्यायची. फक्त क्लच घेऊन चालत नाही, कारण प्रेशर प्लेटच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं आहे. सरासरी त्रिज्या ८२.५ वरून ९०च्या आसपास जाते, म्हणजे पेडल जड न करता नऊ टक्के ताकद फुकट मिळते. उरलेली दाबातून काढायची. ५,५०० न्यूटनच्या प्रेशर प्लेटने ऑरगॅनिक लायनिंगवरही ३००च्या जवळ पोचता येतं. त्याच्याही पुढे जायचं तर गुणांक वाढवावा लागतो, आणि तिथे सिरॅमिक-धातूच्या तुकड्यांची, चार किंवा सहा पाकळ्यांची प्लेट येते. ती तापायला घाबरत नाही, पण हलकेच पकडणं तिला जमत नाही. पकडली की पूर्ण पकडते. तिच्यात लायनिंगमधल्या लाटदार पोलादी पट्ट्या बहुधा नसतात, त्यामुळे क्लच सोडण्याच्या प्रवासातला तो मऊ टप्पाच नाहीसा होतो. हलकं फ्लायव्हील आणि पाकळ्यांची प्लेट ही जोडी शहरात चालवणं म्हणजे शिक्षा आहे. दोन्हींतलं एकच निवडावं.

प्लेटच्या मध्यावर स्प्रिंगा असलेली आणि नसलेली, असेही दोन प्रकार असतात. स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिअर बॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. एकसंध फ्लायव्हील असलेल्या रस्त्यावरच्या गाडीत स्प्रिंगाच हव्यात. घट्ट हबची प्लेट काही ग्रॅमनी हलकी असते एवढंच, आणि तिच्यामुळे या पाच-स्पीड गिअर बॉक्सचे दात लवकर थकतात. टर्बो मियाटात क्लच बळकट केल्यावर पुढचा कमकुवत दुवा हाच गिअर बॉक्स ठरतो. १.६ मधलं सहा इंची डिफरन्शियलही फार मागे नसतं.

ड्युअल मास फ्लायव्हीलच्या गाड्यांचा मुद्दा निराळा. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून हे फ्लायव्हील गाड्यांत येऊ लागलं. त्यात दोन चकत्या लांब कमानदार स्प्रिंगांनी जोडलेल्या असतात, आणि कंपनाची नैसर्गिक वारंवारता आयडलिंगच्याही खाली नेलेली असते. ते काढून एकसंध हलकं फ्लायव्हील लावलं की न्यूट्रलमध्ये गिअर बॉक्स खडखडतो आणि क्लच दाबला की आवाज थांबतो. तेल गरम झाल्यावर हा आवाज आणखी वाढतो. यांत्रिक बिघाड तो नाही. गिअरचे दात मोकळ्या जागेत एकमेकांवर आपटत असतात. २०१९ पासून दोन लिटरच्या एमएक्स-५ मध्येही ड्युअल मास आलं आहे, म्हणून जुन्या पिढीचा अनुभव नव्या गाडीला लावू नये.

आता काम. गिअर बॉक्स एकदा उतरवायचाच आहे, तर सगळे भाग आधी हाताशी ठेवावेत: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर टेकणारं), पायलट बेअरिंग (गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअर बॉक्सचं पुढचं आणि मागचं सील, नवे फ्लायव्हील बोल्ट, दोन लिटर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ गिअर ऑइल, क्लचसाठी ब्रेक फ्लुइड, आणि शक्य असेल तर नवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडवाटे क्लचला पोचवणारा) व रबरी नळी. मियाटाचा स्लेव्ह सिलिंडर गळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. शिवाय जड प्रेशर प्लेटने जुनी रबरी नळी फुगते, आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. पोलादी जाळीची नळी लावली की हा प्रश्न मिटतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गाडी चार भक्कम स्टँडवर, जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच घ्यावी, नाहीतर गिअर बॉक्स खालून बाहेर सरकवता येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नये. गिअर ऑइल आधी काढावं, कारण गिअर बॉक्सपासून डिफरन्शियलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ओढला की ते मागून वाहतं. मग आतून गिअरचा दांडा, खालून एक्झॉस्टचा मधला भाग, आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर खूण करून प्रोपेलर शाफ्ट. खूण केली नाही आणि शाफ्ट उलटा बसला तर थरथर येऊ शकते.

इथून पुढे ही गाडी इतरांपेक्षा वेगळी आहे. गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल यांना पॉवर प्लांट फ्रेम नावाची एक लांब ॲल्युमिनियमची तुळई जोडते. ती सोडवली की गिअर बॉक्सला मागून आधार उरत नाही, म्हणून त्याखाली जॅक आधीच लावावा. गिअर बॉक्सचं शेपूट खाली गेलं की इंजिन मागे झुकतं, आणि पहिल्या पिढीच्या गाडीत इंजिनाच्या मागच्या टोकाला असलेला कॅम अँगल सेन्सर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, आपटून फुटू शकतो. मध्ये लाकडाची फळी अडकवली की भागतं. स्लेव्ह सिलिंडर नळी न उघडता सोडवून बाजूला बांधावा, आणि तो लटकत असताना कोणीही पेडल दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट मागून, गिअर बॉक्सच्या डोक्यावरून हातभर लांबीचं एक्स्टेंशन सरकवून निघतात. गिअर बॉक्स तीसपस्तीस किलोचा आहे. छातीवर घेऊन उतरवण्याचा अचाटपणा करू नये. जॅकला पट्ट्याने बांधावा.

फ्लायव्हील काढल्यावर क्रँकचं सील बदलायचं, आणि नवं सील हाउसिंगच्या कडेशी समतल बसवायचं. पायलट बेअरिंग या गाडीत फ्लायव्हीलच्या मध्यावर असतं, त्यामुळे नव्या फ्लायव्हीलमध्ये ते आधी दाबून बसवावं लागतं. हातोडी मारायची वेळ आली तर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरच मारावी. क्रँकची फ्लँज आणि फ्लायव्हीलचं बसणारं तोंड यांच्यामध्ये गंजाचा किंवा रंगाचा एक कण जरी राहिला तरी फ्लायव्हील डुगडुगतं. बोल्ट आवळल्यावर डायल गेजने तोंडाचं डुगडुगणं मोजावं. ०.२ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा, ०.०५च्या आत असलं तर उत्तम.

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट ९६ ते १०३ न्यूटन-मीटरला, तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळावेत. बोल्टांची भोकं क्रँककेसच्या आत उघडतात. जुने बोल्ट पुन्हा वापरायचे असतील तर आट्यांवर सीलंट लागतं. विसरलं की आटे धरून इंजिन ऑइल बाहेर येतं आणि महिन्याभरात नवी क्लच प्लेट भिजते. प्रेशर प्लेटचे बोल्ट मात्र फक्त १८ ते २६ न्यूटन-मीटरचे. फ्लायव्हीलच्या आकड्याने ते आवळले तर ॲल्युमिनियममधले आटे निघून हातात येतात.

क्लच प्लेट कोणत्या बाजूने बसते हे प्लेटवर लिहिलेलं असतं. फुगीर स्प्रिंगांची बाजू गिअर बॉक्सकडे येते. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो आणि क्लच सुटतच नाही. पूर्ण काम पुन्हा उलगडण्याचं हे सगळ्यात सर्रास आढळणारं कारण. दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसावीत, हात स्वच्छ असावेत. इनपुट शाफ्टच्या खाचांवर मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पुसट लावावं. जास्त झालेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. सेंटरिंग पिन घालून प्लेट मध्यावर धरायची, बोल्ट दोनदोन फेऱ्यांनी समोरासमोर आवळायचे, आणि शेवटी पिन सहज निघते का ते पाहायचं.

गिअर बॉक्स परत चढवताना तो शाफ्टवर लटकू देऊ नये, त्याने नव्या प्लेटचा हब वाकतो. शेवटचा सेंटिमीटर बोल्टांनी ओढून घेण्याचा मोह आवरावा. बेल हाउसिंगचा कान तुटण्याचं कारण तेच. गिअर बॉक्स आपणहून सरकत नसेल तर कोन चुकलेला आहे. पाचवा गिअर टाकून मागचा आउटपुट शाफ्ट किंचित फिरवला की खाचा जुळतात.

क्लचमधली हवा काढून झाल्यावर पेडलला वरती एक ते तीन मिलिमीटर मोकळा खेळ ठेवावा. खेळच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच अर्धवट घसरत राहतो.

पहिले ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, सौम्य चालवायचे, आणि तेही शक्यतो शहरात. लायनिंग बसतं ते क्लच वारंवार दाबून-सोडून. महामार्गावर एका गिअरमध्ये ८०० किलोमीटर काढले तर क्लचने काहीच काम केलेलं नसतं. या काळात थोडा वास आला तर घाबरू नये. नंतर घसरण्याची चाचणी मोकळ्या रस्त्यावर करावी: चौथा गिअर, २,५०० फेरे, ॲक्सिलरेटर पूर्ण. फेरे गाडीच्या वेगापेक्षा पुढे पळाले तर क्लच घसरतो आहे.

आवाजावरून दोष कळतो. पेडल नुसतं टेकवल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग. गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलं तरच आवाज असेल तर पायलट बेअरिंग. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये आवाज आणि दाबल्यावर शांतता असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा वर सांगितलेली दातांची खडखड. निघताना थरथर होत असेल तर गिअर बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी इंजिनाचे रबरी माउंट तपासावेत. तीस वर्षं जुन्या गाडीत ते फाटलेले सापडतात, आणि हलक्या फ्लायव्हीलने ते उघडे पडतात.

आठवड्याभराने बेल हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवून पाहावं. काळं, इंजिनाच्या वासाचं तेल असेल तर क्रँकचं सील किंवा बिनसीलंटचे बोल्ट. जाडसर आणि गंधकाच्या उग्र वासाचं असेल तर गिअर बॉक्सचं पुढचं सील. आणि स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीखाली पाण्यासारखं पातळ काही जमलं असेल, तर तो बाहेरून दोन बोल्टांत बदलता येतो. त्यासाठी गिअर बॉक्स उतरवायची गरज नाही.